बैलाचे दात पाहतो, जीपचे का नाही?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आणि कर्जावर बोलणारी मोठी माणसे या व्यासपीठावर बसलेली आहेत. आमच्याकडे आलेला विषय त्यामानाने लहान आहे. जुनी जीपगाडी घ्यावी का, घेतली तर तिच्यात काय काय बिघडते आणि ते नीट करायला किती लागतात, एवढेच आम्ही सांगणार आहोत. विषय लहान असला तरी त्यातला आकडा लहान नाही. या मांडवाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहा. बहुतेक सगळ्या सात-आठ माणसे बसतील अशा डिझेलच्या गाड्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा दुसऱ्याच्या किंवा तिसऱ्याच्या हातच्या आहेत. नवी घ्यायची तर आठ-दहा लाख हवेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती तेवढी रक्कम कधी येत नाही. म्हणून तो जुनी पाहतो. यात त्याचे काही चुकत नाही. चूक होते ती पुढे.

आमचा हिशेब

२०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, हे तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी थोडे पैसे हाती राहिले. आम्ही पाच घरांनी मिळून २०२३ च्या उन्हाळ्यात एक जीप घेतली. गाडी २०१४ सालची. सौदा ठरला ४ लाख १० हजारांना. कंपनीचे नाव आम्ही सांगत नाही. जे झाले त्यात कंपनीचा दोष थोडा आणि आमचा जास्त.

गाडीला नवा रंग होता, आत नवे सीटकव्हर होते, काट्यावर ८२ हजार किलोमीटर होते. दलाल म्हणाला, “डॉक्टरसाहेबांची गाडी आहे, घरीच उभी असायची.” आम्ही चारही दारे उघडून पाहिली, हॉर्न वाजवून पाहिला, गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवली आणि इसार दिला.

पुढच्या चौदा महिन्यांत काय झाले ते वहीतून वाचून दाखवतो.

नाव चढवणे, विमा आणि एजंट, २१ हजार.
पाच टायर, ३४ हजार.
बॅटरी, ७ हजार.
क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी, साडेबारा हजार.
पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट, टायरॉड, पाट्यांचे बुश, १४ हजार.
रेडिएटर, पाण्याचा पंप, हेड उतरवून फेसिंग, गॅस्केट, ४६ हजार.
चार इंजेक्टरची दुरुस्ती, २८ हजार.
ऑइल आणि फिल्टर, तीन वेळा, साडेपंधरा हजार.

बेरीज होते १ लाख ७८ हजार. हे आमच्या तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीचे दर आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो असतो तर बिल याच्या पुढे गेले असते. तुमच्याकडे हजार-दोन हजारांचा फरक पडेल, हिशेबाची जात बदलणार नाही.

आता हे रुपये कापसात मोजू. २०२३-२४ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता. सोयीसाठी सात हजार धरा. म्हणजे आमच्या दुरुस्तीला पंचवीस क्विंटलच्या वर कापूस लागला. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल निघाला तर आपण बरे पीक म्हणतो. पाच-सहा एकरांतला सगळाच्या सगळा कापूस गॅरेजात गेला. तोही बी, खत, फवारणी, निंदण, वेचणी वजा न करता.

वर्षभर आम्ही गाडीला शिव्या दिल्या. मग एका संध्याकाळी वही घेऊन बसलो आणि एकेका रकमेपुढे एकच प्रश्न लिहिला: हे आपल्याला इसार देण्याआधी दिसले असते का? टायर दिसले असते. बॅटरी, क्लच, बॉल जॉइंट दिसले असते. रेडिएटर झाकण उघडताच दिसला असता. इंजेक्टर मिस्त्रीने अर्ध्या तासात सांगितले असते. ही बेरीज १ लाख ४१ हजार ५०० होते. उरलेला साडेछत्तीस हजारांचा खर्चच काय तो खरा चालू खर्च. बाकीची सगळी आधीच्या मालकाची थकबाकी होती. त्याने न केलेला खर्च आम्ही त्याच्याकडून पूर्ण किमतीला विकत घेतला. मिस्त्रीला सोबत न्यायचे दीड हजार रुपये तेवढे वाचवले.

बैलबाजारातली अक्कल

आपण बैल कसा घेतो? दलालाने रुमालाखाली बोटे धरून भाव सांगितला की लगेच हो म्हणतो का? आधी तोंड उघडून दात पाहतो. चालवून पाहतो. खूर पाहतो. खांद्याला गाठ आहे का चाचपतो. बसवून उठवतो. जुंपून ओढ पाहिल्याशिवाय दोर हातात घेत नाही. जीप घेताना ही अक्कल आपण घरी ठेवून जातो, कारण इंजिन म्हटले की आपल्याला वाटते हे आपले काम नाही. तसे काही नाही. जीपलाही दात आहेत, श्वास आहे, खूर आहेत. कुठे पाहायचे तेवढे कळले पाहिजे.

दात: काट्यावरचे किलोमीटर खरे धरू नका. काटा मागे फिरवून मिळतो. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०१४ ची, काट्यावर तीस हजार, आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, असे असेल तर काटा खोटा बोलतो. ब्रेक आणि क्लचच्या पायट्यांचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल तर तेच समजा. चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. गाडी तिथे येत असेल तर कधी किती किलोमीटरवर आली याची नोंद त्यांच्याकडे असते. विकणाऱ्यालाच घेऊन जा, म्हणजे माहिती द्यायला ते कांकू करणार नाहीत.

श्वास: गाडी पाहायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावा. गरम असेल तर तुम्ही येण्याआधी गाडी चालू करून ठेवलेली आहे. थंड इंजिन चालू करताना जे दिसते ते गरम इंजिन लपवते. सकाळच्या गारठ्यात सुरुवातीला थोडा पांढरा धूर निघून विरला तर काळजी नाही. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जाळते, म्हणजे रिंगा, व्हॉल्व्ह किंवा टर्बो. काळा असेल तर एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. मग इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचे झाकण काढा. तिथून चिलमीसारखे धुराचे झोत येत असतील तर मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. तिथे सौदा सोडून घरी या. बोअर-पिस्टनचे पूर्ण काम आमच्याकडे साठ-सत्तर हजारांपासून सुरू होते, लाखाच्या पुढेही जाते.

ओढ: डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून काहीच कळत नाही. पाच-सहा माणसे बसवा आणि चढावर घ्या. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपला. गिअर टाकून क्लच सोडताना मागून ‘टक्’ असा आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस गेला. वेळेवर ग्रीस मारले तर हा क्रॉस वर्षानुवर्षे चालतो, नाही मारले तर एका पावसाळ्यात वाजू लागतो. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग सोडून ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर लायनर, पॅड किंवा चाकातला सिलिंडर पाहावा लागेल.

खूर: आपल्या काळ्या मातीच्या चाकोऱ्या आणि पांदणरस्ते गाडीच्या खालच्या भागाला सगळ्यात जास्त खातात. जॅक लावून पुढचे चाक उचला. वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. वर-खाली हलले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आडवे हलले तर टायरॉड. टायर एकाच कडेने खाल्लेला असेल तर पुढची बाजू बिघडली आहे, नाहीतर चासी वाकलेली आहे. गाडीखाली पोते टाकून आडवे व्हा आणि चासीवर वेल्डिंगचे टाके आहेत का, पाटे बसलेले किंवा तडकलेले आहेत का, ते डोळ्यांनी पाहा. चासीला वेल्डिंग असेल तर त्या गाडीने माणसांऐवजी पोती वाहिली आहेत किंवा ती उलटली आहे. आतली चटई उचला. खाली वाळलेला गाळ किंवा सीटच्या पट्टीला गंज असेल तर गाडी पुरात उभी होती. तिची वायरिंग तुम्हाला तीन वर्षे छळील.

पाण्याने केलेला घात

आमच्या वहीत सगळ्यात मोठी रक्कम ४६ हजारांची आहे. ती कशी आली ते सांगितले पाहिजे, कारण त्यात पैशापेक्षा मोठे काही जाता जाता राहिले.

रेडिएटरमध्ये कूलंट टाकतात. वर्षाकाठी पाचशे-हजाराचा खर्च. आधीच्या मालकाने तो वाचवला आणि बोअरचे पाणी टाकत गेला. आपल्या बोअरचे पाणी किती क्षाराचे असते ते चहाच्या पातेल्याला विचारा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळ्या बुजल्या की पाणी फिरत नाही, इंजिन तापते. तापलेले हेड वाकते आणि गॅस्केट जळते. आम्ही गाडी घेतल्यावर काय केले? आम्हीही बोअरचेच पाणी टाकले. काटा कधी कधी वर जायचा, आम्ही म्हणायचो ऊन आहे.

त्या वर्षी कार्तिकात आमच्यातल्या एका घरची सून सांजच्याला कापूस वेचत असताना तिला साप चावला. तालुक्याचा दवाखाना २६ किलोमीटर. गाडीत घातले आणि निघालो. चालवणाऱ्याने जेवढी पळवता येईल तेवढी पळवली. सतरा किलोमीटरवर काटा लाल रेषेत गेला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन बंद पडले. एकाने घाईत रेडिएटरचे झाकण उघडले, उकळते पाणी उडून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. दुसऱ्याने तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले, हेडचे जे व्हायचे ते त्याने पुरे झाले. अंधारात आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. दुधाची गाडी आली, तिने पोरीला दवाखान्यात पोचवले. लस वेळेत मिळाली, पोर वाचली. आज ती या मांडवात बसलेली आहे.

दुधाची गाडी आली नसती तर? आम्ही पाचही घरांनी हा प्रश्न एकमेकांना कधी विचारला नाही. पण तेव्हापासून गाडीची पहिली चाचणी आमच्याकडे ठरलेली आहे. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडा. आत रंगीत स्वच्छ कूलंट दिसले पाहिजे. तांबूस पाणी, पांढरी खरपुडी किंवा तेलाचा तवंग दिसला तर तेवढे पैसे किमतीतून कापा किंवा गाडी सोडा. आणि चालवताना काटा वर गेला तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, पुरते निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

डिझेलचा पिंप

दुसरी आपल्याच घरची चूक म्हणजे पिंपातले डिझेल. जुन्या काळच्या जीपचे साधे इंजिन थोडा कचरा, थोडे पाणी पचवून घेत होते. आता कॉमन रेलची इंजिने आहेत. त्यांत डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरची छिद्रे फार बारीक असतात. पिंपाच्या तळाशी साठलेले पाणी एकदा आत गेले की पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात. नवा एक इंजेक्टर बारा-पंधरा हजारांच्या घरात पडतो, आणि ते चार असतात. डिझेल फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. पंधरा दिवसांतून एकदा तो सैल करून पाणी काढायला पैसा लागत नाही.

१ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या बीएस-६ आहेत. त्यांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी रोज गाव ते शेत एवढीच फिरली तर तो काजळीने भरतो, कारण ती जळायला सायलेन्सर पुरेसा तापावा लागतो. अशी गाडी आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालवावी. घेताना डॅशबोर्डवर त्याचा दिवा पेटलेला नाही ना, ते पाहावे.

आणखी एक. कंपनी आहे की गेली, हेही विचारा. सुमो १९९४ ला आली, २०१९ ला बंद झाली. शेवरलेच्या गाड्यांची विक्री आपल्या देशात २०१७ अखेर थांबली. फोर्डने २०२१ साली इथले कारखाने बंद करायचे ठरवले. गाडी वाईट होती असे नाही. पण जो भाग आपल्या तालुक्यात मिळत नाही, त्याच्यासाठी गाडी महिनाभर उभी राहते. इसार देण्याआधी मिस्त्रीला एवढेच विचारा की याची क्लचप्लेट आणि हेड गॅस्केट किती दिवसांत आणून देशील.

कागद

जुन्या गाडीचा सगळ्यात महाग बिघाड कागदात असतो. गाडी विकली पण पुस्तकावर नाव तेच राहिले आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या मालकाची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. म्हणून विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने नमुना २९ आणि ३० वर सही करून नाव लगेच चढवावे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पुरे पैसे देऊ नयेत. विम्याची पॉलिसी आपल्या नावावर करायला चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा. सरकारच्या परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, पासिंग, कर्ज दिसते, दंडाची चलनेही तपासता येतात. मुलाला सांगा, तो पाच मिनिटांत पाहून देईल.

दिल्लीकडच्या स्वस्त गाड्यांपासून सावध राहा. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्या चालवू नयेत असा आदेश हरित लवादाने २०१५ साली दिला, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. २०२५ साली त्यात काही सूट मिळाली. पण परराज्यातली गाडी इथे ठेवायची तर तिकडचा ना-हरकत दाखला, इथली नवी नोंद आणि इथला कर हे सगळे आपल्या डोक्यावर येते. पंधरा वर्षे झालेल्या गाडीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० चे ५,००० झाले, त्यावर हरित कर वेगळा. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याची माणसे नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला तेवढे पुरे होते.

कराचे बोलतोच आहोत तर एवढे सांगून टाकू. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच भागांवर २८ होता. व्यापारी असा कर भरतो आणि आपल्या मालावरच्या करातून बऱ्याच ठिकाणी वजा करून घेतो. शेतकऱ्याला ती वजावट नाही. क्लचप्लेटवरचा कर त्याच्या कापसातूनच जातो.

मग घ्यावी की नाही?

आम्ही गाडी विकली नाही. दुरुस्त झाल्यापासून ती नीट चालते. वेचणीच्या बाया आणते, बाजाराला जाते, रात्री-अपरात्री दवाखान्याला जाते. गाव एस.टी.च्या एका फेरीवर असेल तर गाडी ही चैन नाही. तेव्हा घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. घेण्याची रीत बदला, एवढेच म्हणतो.

हाती चार लाख असतील तर तीन लाखांची गाडी पाहा, उरलेले थकबाकीसाठी राखा. मिस्त्री आपला न्या, दलालाचा नको, आणि त्याला दिवसाची मजुरी द्या. त्याने सांगितलेला एकेक बिघाड कागदावर लिहा, त्यापुढे रक्कम मांडा आणि बेरीज विकणाऱ्यापुढे ठेवा. तो किंमत उतरवील किंवा उठून जाईल. दोन्हीत तुमचा फायदा आहे. घेतल्यावर पहिल्या आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट बदला आणि एक वही घाला. नांगरटी-वखरणीपासून वेचणीपर्यंतचा खर्च मांडायला आपण या संघटनेत शिकलो. जीपचा खर्च मांडला नाही तर तो कापसाच्या खर्चातही धरला जात नाही, आणि मग पीक तोट्यात का गेले ते आपल्याला कळत नाही.

आमची वही आम्ही आज सोबत आणली आहे. मेळावा संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी मांडवाच्या दाराशी यावे. पुढच्या मेळाव्याला तुमच्या वह्या घेऊन या. दहा गावांच्या दहा वह्या एकत्र झाल्या की कुठल्या गाडीला किती लागतात ते सांगायला आपल्याला दलालाची गरज राहणार नाही.